पदकाची कड वाचायला शिका: दुर्मीळ स्मारक पदकांचा संग्रह सुरू करताना

१७८३ साली पॅरिसमध्ये एक पदक पाडलं गेलं. व्यास पाच सेंटिमीटरलाही थोडा कमीच. पुढच्या बाजूला मोकळे केस वाऱ्यावर उडणारी स्वातंत्र्यदेवता, तिच्यामागे काठीवर अडकवलेली टोपी. मागच्या बाजूला तान्हा हर्क्युलीस दोन्ही मुठींत दोन साप आवळतोय आणि त्याच्यावर झेपावणाऱ्या सिंहाला रोमन देवी मिनर्व्हा ढालीवर अडवतेय. साप म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात साराटोगा आणि यॉर्कटाउनला शरण आलेल्या दोन ब्रिटिश फौजा, सिंह म्हणजे ब्रिटन, आणि मिनर्व्हाच्या ढालीवरची लिलीची फुलं म्हणजे मदतीला धावलेला फ्रान्स. कल्पना बेंजामिन फ्रँकलिन यांची, कोरीवकाम ओग्युस्तां द्युप्रे यांचं. नाव ‘लिबर्तास अमेरिकाना’.

पुढच्या बाजूवर तारीख मात्र आहे ४ जुलै १७७६. म्हणजे तिथली तारीख एका सालची, पदक सात वर्षांनंतरचं. शिवाय पॅरिसच्या टांकसाळीने पुढे याच चित्राच्या नव्या आवृत्त्याही काढल्या आहेत. तारीख तीच, चित्र तेच, पण एक वस्तू अठराव्या शतकातली आणि दुसरी कालपरवाची.

या छंदात नवख्या माणसाने सगळ्यात आधी हे मनात पक्कं करायला हवं. पदकावर कोणतं साल लिहिलंय हा प्रश्न दुय्यम आहे. हातात आहे तो तुकडा कधी बनला, हा खरा प्रश्न. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी याच प्रश्नाकडे जाते.

पायरी १: काय गोळा करायचं ते ठरवा

स्मारक पदक म्हणजे एखादी घटना, व्यक्ती किंवा वास्तू यांच्या आठवणीसाठी बनवलेलं पदक. शौर्यपदकं आणि सन्मानचिन्हं छातीवर लावायची असतात, त्यांचं शास्त्र वेगळं. स्मारक पदकाला बहुधा फीत नसते, ते हातात घेऊन बघायचं असतं. त्याला चलनाचं मूल्यही नसतं, त्यामुळे नाण्यांवर असते तशी वजनाची, आकाराची आणि संख्येची सक्ती त्याच्यावर नसते. कलाकाराला मोकळीक मिळते ती यामुळेच, आणि संग्राहकाची पंचाईतही यामुळेच होते. नाण्याचे जुने ठसे, म्हणजे धातूवर चित्र उमटवणारे कोरीव पोलादी तुकडे, सहसा मोडीत निघतात. पदकांचे ठसे टांकसाळी आणि खासगी कारखाने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा वापरतात.

सुरुवातीला क्षेत्र अगदी लहान घ्या. ‘युरोपची पदकं’ हे क्षेत्र नव्हे, तो महासागर आहे. एकच कोरीवकार, एकच युद्ध, एकच प्रदर्शन, फक्त पुलांची किंवा फक्त वैद्यकाची पदकं, असं काहीतरी निवडा. लहान क्षेत्रात वर्षभरात तीसचाळीस पदकं डोळ्यांखालून गेली की एखादं वेगळं दिसणारं पदक आपोआप खटकू लागतं. ही खटकण्याची सवय कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाची आहे.

दुर्मीळ या शब्दाबद्दल इथेच सांगून ठेवतो. एकच पदक सोन्यात, चांदीत, ब्राँझमध्ये आणि कथलाच्या पांढऱ्या मिश्रधातूत निघालेलं असू शकतं. १७९८ च्या नाईलच्या लढाईनंतर ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे आर्थिक व्यवहार पाहणाऱ्या अलेक्झांडर डेव्हिसन यांनी स्वतःच्या खर्चाने पदकं वाटली. वरिष्ठ अधिकाऱ्यांना सोन्याची, त्याखालच्यांना चांदीची, मग सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची, आणि साध्या खलाशांना ब्राँझची. तेव्हा ‘हे पदक दुर्मीळ आहे’ असं कुणी म्हणालं की लगेच विचारायचं: कोणत्या धातूत, कोणत्या काळी पाडलेलं?

पायरी २: घेण्याआधी बघा, आणि हातात धरा

पहिले काही महिने काहीच विकत घेतलं नाही तरी चालेल. संग्रहालयांतली पदकं बघा. लिलावांआधी मांडलेली पदकं बहुतेक ठिकाणी कुणालाही हाताळता येतात, त्या दिवशी जरूर जा. पदक नेहमी कडेला, अंगठा आणि बोटांच्या मध्ये धरायचं, सपाट भागाला बोट लावायचं नाही, आणि खाली मऊ कापड हवं. बोटाचा घाम काही महिन्यांनी ठशासारखा उमटतो आणि तो परत जात नाही.

साहित्य फार लागत नाही: दहापट मोठं दाखवणारं भिंग, दशांश मिलिमीटर दाखवणारं कॅलिपर, दशांश ग्रॅमचा वजनकाटा, छोटं चुंबक आणि एका बाजूने तिरपा पडणारा दिवा. प्रकाश समोरून पडला की पदक सुंदर दिसतं. तो तिरपा पडला की खरं दिसतं.

पुस्तकांवर खर्च करताना हात आखडू नका. या क्षेत्रात पदकं सूचीच्या क्रमांकाने ओळखली जातात. नेपोलियनच्या पदकांसाठी ब्राम्सेनच्या सूचीतला क्रमांक सांगतात, इटालियन प्रबोधनकाळाच्या पदकांसाठी हिलच्या सूचीतला. तुमच्या क्षेत्राची मुख्य सूची कोणती ते शोधा आणि ती पहिल्या पदकाच्या आधी घ्या. व्यास, वजन, कडेवरचा मजकूर आणि माहीत असलेले ठशांचे भेद तिथेच सापडतात.

पायरी ३: ओतलेलं की ठशाने पाडलेलं, हे ओळखा

पोर्ट्रेट पदकाची परंपरा सुरू होते ती पिसानेल्लो या इटालियन चित्रकारापासून. बायझंटाईन सम्राट आठवा योहान पॅलिओलॉगस पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चची एकी घडवण्यासाठी १४३८ मध्ये फेर्राराच्या परिषदेला आला होता. उंच टोकदार टोपी घातलेल्या त्या सम्राटाचं पदक पिसानेल्लोने त्या सुमारास बनवलं. ते सुमारे दहा सेंटिमीटरचं आहे आणि ओतलेलं आहे, म्हणजे आधी मेणाचा नमुना, त्यावरून साचा आणि साच्यात वितळलेला धातू.

ओतीव पदकांना एक खोड आहे. अस्सल पदकाचाच साचा घेऊन त्यात पुन्हा ब्राँझ ओतता येतं. अशा नकला शतकानुशतकं होत आल्या आहेत, आणि त्यातल्या काही स्वतःच तीनचारशे वर्षं जुन्या आहेत! पण थंड होताना धातू आकसतो. ब्राँझमध्ये हे आकसणं साधारण एक ते दोन टक्के असतं. मूळ पदक १०० मिलिमीटरचं असेल तर त्यावरून ओतलेली नक्कल ९८-९९ च्या आसपास येते, आणि नकलेची नक्कल त्याहून लहान. म्हणून ओतीव पदक हातात आलं की कॅलिपर आधी आणि कौतुक नंतर. मापात शंका आली तर अक्षरं बघा. चांगल्या मूळ पदकात अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. नकलेत त्या साबण वापरून झिजावा तशा मऊ पडलेल्या असतात आणि अक्षरांच्या पोटात बारीक भोकं दिसतात.

ठशाने पाडलेल्या पदकाची गोष्ट निराळी. दोन कडक पोलादी ठशांमध्ये धातूची चकती दाबतात. पृष्ठभाग घट्ट आणि चकचकीत होतो, बारीकसारीक रेघही उतरते. इथे बघायची ती ठशाची तब्येत. पडून राहिलेल्या ठशाला गंज चढतो, गंजाने ठशात खड्डे पडतात, आणि तो ठसा पुन्हा वापरला की त्या खड्ड्यांच्या जागी पदकावर बारीक पुटकुळ्या उठतात. तिरप्या प्रकाशात सपाट भागावर अशा उठलेल्या पुटकुळ्या दिसल्या की तो तुकडा बहुधा उशिराचा. उलट बारीक खड्डे दिसले तर ओतकामाचा किंवा धातू खाल्ला गेल्याचा संशय घ्या. ठशाला गेलेली चीरही पदकावर उंच रेषेसारखी दिसते आणि ती काळागणिक लांबत जाते. एकाच पदकाचे पाचसहा नमुने शेजारी ठेवून ही रेष मोजली तर कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं हे लावता येतं. मला या छंदात याहून आनंदाचं काम दुसरं माहीत नाही.

बर्मिंगहॅमजवळच्या सोहो कारखान्यात उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांनी पाडलेल्या पदकांचे आणि नाण्यांचे बरेच ठसे पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, डब्ल्यू. जे. टेलर यांच्या हाती गेले. त्यांनी ते घासून, पॉलिश करून पुन्हा वापरले. ती पदकं खोटी नव्हेत, ठसे अस्सलच आहेत. पण ती बोल्टन यांच्या काळातली नाहीत, आणि किंमत व महत्त्व दोन्ही त्यावर ठरतं.

पायरी ४: कड वाचा

बाजारातल्या फोटोंत पदकाची पुढची बाजू असते, मागची असते, कड क्वचितच असते. माझा स्वतःचा धडा इथेच झाला. नेपोलियनच्या राज्याभिषेकाचं पदक मी हौसेने घेतलं होतं. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एक सैनिक आणि एक सिनेटर त्याला ढालीवर उचलून धरतायत. विक्रेत्याने ‘१८०४ चं मूळ पदक’ असं लिहून दिलं होतं. दोन महिने मी ते रोज बघत होतो, पण फक्त समोरून. एका संध्याकाळी ट्रे हलवताना पदक आडवं झालं, दिव्याचा उजेड कडेवर पडला आणि दाण्याएवढं एक चिन्ह चमकलं. भिंगाखाली धरलं तर फळाफुलांनी भरलेलं शिंग, आणि त्याच्या शेजारी ‘ब्राँझ’ हा शब्द. त्या एका चिन्हाने ते पदक किमान पाऊणशे वर्षांनी अलीकडे आणलं.

कारण असं. पॅरिसच्या टांकसाळीने १८३२ पासून पदकांच्या कडेवर चिन्ह आणि पुढे धातूचं नाव उमटवायला सुरुवात केली. ही चिन्हं पाठच करून टाका. १८३२ ते १८४१ प्राचीन दिवा, मग वर्षभरासाठी जहाजाचा नांगर, १८४२ ते १८४५ जहाजाची नाळ, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८७९ मधमाशी, आणि १८८० पासून पुढे समृद्धीचं शिंग. नेपोलियनच्या हयातीत पाडलेल्या पदकाच्या कडेवर यातलं काहीही असूच शकत नाही, ती कड कोरी असते. मात्र उलट बाजूने विचार करताना सावध राहा. कोरी कड म्हणजे मूळ पदक असं सिद्ध होत नाही, कारण १८१५ ते १८३२ या काळात पाडलेल्या पदकांची कडही कोरीच आहे. शिवाय चिन्ह घासून काढून टाकणारे महाभागही असतात. कडेचा एखादाच भाग जास्त चकचकीत किंवा किंचित सपाट लागला तर तिथे भिंग धरा.

कडेवर मजकूर असणं हीच काही पदकांची ओळख असते. वर सांगितलेल्या नाईलच्या पदकाच्या कडेवर डेव्हिसन यांचं नाव आणि ‘आदराची भेट’ अशा अर्थाचे शब्द आहेत. तो मजकूर नसेल तर का नाही, हे विचारायला हवं.

कडेवरून अजून एक फसवणूक पकडता येते. १८३० च्या दशकाच्या अखेरीस विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवण्याची कला आली आणि पदकांच्या हुबेहूब नकला सोप्या झाल्या. दोन बाजूंची दोन पातळ कवचं बनवायची, आत शिसं भरायचं आणि जोडून टाकायचं. चित्र मूळ पदकाइतकंच बारीक उतरतं, आकारही आकसत नाही. पण कडेवर सांधा राहतो, केसासारखी एक रेघ गोल फिरलेली. वजनही सूचीतल्या वजनाशी जुळत नाही.

अर्थात अशी प्रत म्हणजे नेहमीच लबाडी नसते. कोरीवकार बेनेदेत्तो पिस्त्रुची यांनी वॉटर्लूच्या पदकावर तीसेक वर्षं काम केलं आणि १८४९ मध्ये ठसे पूर्ण केले. ठसे इतके मोठे होते की कडक करताना तडकतील अशी भीती होती, म्हणून त्या ठशांनी पदक पाडलंच गेलं नाही. त्या काळच्या प्रती आहेत त्या विजेने थर चढवून किंवा मऊ पदार्थात ठसा उठवून काढलेल्या. त्या मोठ्या ठशांनी तेव्हा पाडलेलं चांदीचं पदक आहे असं कुणी सांगितलं, तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

पायरी ५: चुंबक आणि पाण्याचा पेला

चुंबकाची परीक्षा किती कामाची आहे, हे लुसिटानियाच्या पदकावरून कळतं. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने ते ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवलं. म्युनिकचे पदककार कार्ल गोट्झ यांनी त्यावर उपहासाचं पदक काढलं: एका बाजूला बुडणारं जहाज, दुसऱ्या बाजूला तिकिटं विकणारा सांगाडा. त्यांनी तारीख चुकून ५ मे टाकली. ब्रिटनने ही चूक उचलून धरली, हल्ला आधीच ठरला होता असा प्रचार केला, आणि त्या पदकाच्या सुमारे तीन लाख प्रती डबीसकट विकल्या. गोट्झ यांनी नंतर ७ तारखेची दुरुस्त आवृत्ती काढली. आज बाजारात दिसतात ती जवळजवळ सगळी ब्रिटिश प्रतींपैकी असतात. त्या लोखंडी आहेत, चुंबक लगेच चिकटतं. गोट्झ यांची मूळ पदकं ब्राँझची, त्यांना चुंबक लागत नाही. माझ्याकडे लोखंडी प्रत आहे आणि ती मला मनापासून आवडते, कारण प्रचारयुद्धाचा तो खराखुरा पुरावा आहे. तिला मूळ जर्मन पदक म्हणून विकणं तेवढं खोटं.

चांदीची खात्री करायची असेल तर घनता काढा. डब्यात ऊर्ध्वपातित पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पदक बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो बाजूला सारलेल्या पाण्याचा. समजा पदकाचं कोरडं वजन ५२ ग्रॅम आणि काट्यावर आले ५ ग्रॅम. ५२ भागिले ५, उत्तर १०.४. शुद्ध चांदीची घनता १०.५, तांबं मिसळलेल्या चांदीची थोडी कमी, म्हणजे हे पदक चांदीचं असू शकतं. तांब्यासाठी आकडा ९ च्या जवळ येतो, कथलासाठी ७.३. भाग देऊन ८ आले आणि पदक मात्र चांदीसारखं दिसतंय, तर ते चांदीचं नाही, बहुधा वरून मुलामा आहे. लोखंडी पदक, सांधा असलेलं पदक किंवा पृष्ठभाग सुटू लागलेलं पदक मात्र पाण्यात घालू नका. बाकीची बाहेर काढताच मऊ कापडाने टिपून पूर्ण वाळवा.

पायरी ६: विकत घेताना

कडेचा फोटो मागा. पूर्ण फेरीचा, चार तुकड्यांत. जो विक्रेता देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, एवढं सोपं आहे.

पदकाच्या माथ्याशी, घड्याळात बारा असतात त्या जागी नीट बघा. पुष्कळ पदकं कधीतरी गळ्यात घालण्यासाठी भोक पाडलेली किंवा कडी डकवलेली असतात. ते भोक बुजवून, वर रंग देऊन पदक विकायला येतं. कडेवरचे ठोके, कापडाने पुसल्याच्या केसासारख्या रेघा आणि सपाट भागावरचा अनैसर्गिक लखलखाट या गोष्टी किंमत कमी करतात. जुन्या तांब्याच्या पदकांना टांकसाळीतच उष्णतेने आणि रसायनांनी तपकिरी रंग दिलेला असतो. तो रंग म्हणजे मळ नव्हे, कारागिरीचाच भाग आहे.

मूळ डबी सोबत असेल तर उत्तमच, पण डबीतल्या खाचेत पदक नीट बसतं का ते बघा. दुसऱ्याच पदकाची डबी जोडलेली बऱ्याचदा सापडते. जुन्या संग्राहकाच्या हस्ताक्षरातली गोल चिठ्ठी पदकाखाली असेल तर ती जपून ठेवा. लिलावात बोलीच्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन आणि कर येतात, ते धरूनच आपली वरची मर्यादा आधी कागदावर लिहा. आणि पदक अस्सल न निघाल्यास परत घेण्याची अट लेखी घ्या, तोंडी नको.

परदेशातून घेत असाल तर निर्यातीचा परवाना लागतो का ते आधी तपासा. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध १९७० चा युनेस्कोचा करार आहे, आणि अनेक देशांत ठरावीक वयाच्या वरच्या वस्तू परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत. पदक कुठून कुठे आलं याचे कागद नसतील तर मोह आवरा.

पायरी ७: सांभाळ

घासू नका. पॉलिश लावू नका. लिंबू, चिंच, टूथपेस्ट काही नाही. हौसेने चकचकीत केलेल्या पदकाचा मूळ पृष्ठभाग कोणीही परत आणू शकत नाही.

मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटांतून वर्षादोनवर्षांत हिरवट चिकट द्रव सुटतो आणि तो तांबं खातो, तेव्हा पॉलिस्टरची पाकिटं घ्या. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ निघते आणि ती शिशाच्या पदकांचा पांढरा भुगा करते. महोगनीची कपाटं यासाठीच नावाजलेली आहेत. लोकरी फेल्टातलं गंधक चांदी काळवंडवतं. आर्द्रता कमी ठेवायला सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला.

ब्राँझवर फिकट हिरवी, पावडरीसारखी झडणारी पुळी दिसली तर ते पदक त्याच क्षणी बाकीच्यांपासून वेगळं करा. तो क्लोराइडमुळे होणारा ब्राँझचा रोग आहे आणि दमट हवेत तो आतून पोखरत जातो. पदक कोरड्या, बंद डब्यात ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर मात्र निरुपद्रवी असतो, त्याला हात लावू नका.

पायरी ८: नोंद

प्रत्येक पदकाची चिठ्ठी त्याच दिवशी लिहा, पुढे आठवत नाही. सूचीचा क्रमांक, धातू, व्यास, वजन, कोरीवकार, कोणाकडून कधी घेतलं, आणि कडेवर काय आहे. घटनेचं साल आणि तुकड्याचं साल यांच्यासाठी दोन वेगळ्या ओळी ठेवा. विक्रेत्याचा दावा आणि स्वतःचा निष्कर्षही वेगवेगळे लिहा. माझ्या त्या राज्याभिषेकाच्या पदकाची चिठ्ठी अजून तशीच आहे: ‘विक्रेत्याच्या मते १८०४. कडेवर शिंग आणि ब्राँझ. १८८० किंवा नंतर.’